दोनशे सतरा नंबरचं इंजिन

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी माझ्या गॅरेजमध्ये एका उलट्या इंजिनासमोर उभा होतो आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. पडला हे आवाजावरून कळलं, हाताला कळलंच नाही. समोर सोळा बोल्ट होते. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ होती. सोळाच्या सोळा रेघा डावीकडे कललेल्या होत्या.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. रेघा तशाच. मग दुधाचा एक क्रेट पालथा करून त्यावर बसलो, आणि बसलो तो तासभर उठलोच नाही. ऑगस्टातली सकाळ, बाहेर घाम निथळत होता, आणि मी गार पडलो होतो.

रेघा बघून एवढं काय झालं, असं वाटेल तुम्हाला. सांगतो.

मी हॉलिस ट्रेडवेल. डेट्रॉइटच्या पश्चिम भागात राहतो, कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आमच्याकडे सर्वांत ताकदवान इंजिन एकट्या माणसाने जोडायचं अशी रीत होती. रिकामा लोखंडी ठोकळा गाड्यावर घ्यायचा, गाडा ढकलत एकेका टेबलापाशी जायचं, क्रँक म्हणजे मधला फिरता दांडा बसवायचा, आठ पिस्टन घालायचे, त्यांचे रॉड क्रँकला सोळा बोल्टांनी आवळायचे आणि सगळ्यांत वर सुपरचार्जर चढवायचा. सुपरचार्जर म्हणजे लोहाराचा भाताच समजा. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनाच्याच नरड्यात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. शेवटी स्वतःच्या नावाची अ‍ॅल्युमिनियमची पाटी वर ठोकायची की झालं. ती पाटी गाडीबरोबर जगभर जायची. अख्ख्या कारखान्यात अशा पाट्या असलेली आम्ही फक्त चौदा माणसं होतो. कामाच्या टेबलाला बाक म्हणायचे, म्हणून आम्हाला 'बाकावरची' म्हणत, आणि आम्ही छाती काढून चालायचो.

बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची. रेघ आहे म्हणजे आवळलाय. प्रत्येकाची रेघ वेगळी पडायची, सहीसारखी. तेरा जणांच्या रेघा उजवीकडे कलायच्या. डावीकडे कलणारी रेघ एकाच बाकावर पडायची, कारण चौदांत डावखुरी एकच होती. माझी बायको, अर्लीन.

आता दोनशे सतरा. कंपनी त्या इंजिनाची सहाशे वीस घोड्यांच्या ताकदीची हमी द्यायची. दोनशे सतरा नंबरचं चाचणीच्या खोलीत घातलं, पूर्ण दाबलं, तर काटा सहाशे सत्तरवर गेला. पन्नास घोडे वरचे, फुकटात! तसं त्या कारखान्यात आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. त्यावर पाटी होती हॉलिस ट्रेडवेलची. ते इंजिन एका गाडीत बसलं, गाडी दोन-तीन हातांतून फिरली आणि शेवटी टोलेडोच्या ग्रेडी मॅडॉक्सच्या हाती लागली. ग्रेडी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवारी शर्यतीच्या पट्टीवर पाव मैल पळवतो. साडेदहा सेकंद. सुटताना पुढची चाकं जमिनीवरून चार बोटं उचलली जातात, आणि सुपरचार्जरची शिट्टी अशी चढत जाते की पलीकडच्या लेनमधला माणूस आधीच हरतो. नऊ वर्षांत इंजिन एकदाही उघडावं लागलं नव्हतं. पाटीवरचं नाव वाचून ग्रेडी मला शोधत घरापर्यंत आला होता. तेव्हापासून ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर गाड्या जमल्या की माणसं थांबून माझा हात हातात घ्यायची. "हेच ते मिस्टर हॉलिस." मला ते आवडायचं. का आवडू नये?

येत्या शनिवारी आमचा जुना सुपरवायझर स्टॅन पावलिक वुडवर्डवर सगळ्या बाकावरच्यांना जमवणार होता. गाडी मधोमध उभी करायची, मी दोन शब्द बोलायचे. ग्रेडीला आठवड्याभरापासून इंजिनात टकटक ऐकू येत होती. त्याने रविवारी गाडी आणली, आम्ही दोघांनी इंजिन बाहेर काढून स्टँडवर उलटं केलं आणि तो मेव्हण्याबरोबर टोलेडोला परतला. "मिस्टर हॉलिस, तुमचंच लेकरू आहे, तुम्हीच बघा," म्हणाला.

माझंच लेकरू. क्रेटवर बसल्या बसल्या ते शब्द कानात वाजत होते.

पण खरा धक्का पुढेच होता. त्याची शंका मला क्रेटवरच आली, आणि आल्यावर मी उठायला आणखी वेळ लावला. कारण ज्या दिवशी दोनशे सतरा जोडलं गेलं त्या दिवशी आणखी एक इंजिन चाचणीला गेलं होतं, दोनशे सोळा. त्याच्यावर पाटी अर्लीनची होती. दोनशे सतरा तिचं असेल, तर हे कुणाचं? पूर्ण दाबावर एक रॉड सुटला आणि ठोकळ्याची भिंत फोडून बाहेर आला. काचेच्या अलीकडे आम्ही सगळे उभे होतो. तेल काचेवर उडालं. नियम असा होता: तीन इंजिनं चाचणीतून परत आली किंवा एक फुटलं की बाकावरून खाली. अर्लीनचं आजवर एकही परत आलं नव्हतं, पण फुटलं ते फुटलं. पावलिकने तिची पाटी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, तीही रीतच, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती ठोकळ्यांच्या विभागात रात्रपाळीला. आठ वर्षं तिथे ठोकळ्यांना लावायच्या जड लोखंडी टोप्या उचलल्या, मनगटं गेली, दोन्हींवर शस्त्रक्रिया झाली. आता कॉफीची बरणीसुद्धा मी उघडून देतो.

आणि मी काय करत होतो? त्याच दिवशी, काचेवरचं तेल पुसायच्या आत, तेरा जणांसमोर म्हणालो होतो, "इतरांना तीन तास लागतात, बाईसाहेब चार लावतात. इंजिन जोडतात का गोधडी शिवतात? तरी बोल्ट ढिलाच राहिला ना!" सगळे हसले होते. पुढे चौदा वर्षं, रविवारी चर्चनंतर पत्त्यांचा डाव बसला आणि कुणी दोनशे सतराचा विषय काढला की माझं ठरलेलं वाक्य: "आमच्या घरात एक जण इंजिन जोडतो, एक जण फोडतो." अर्लीन पत्ते लावत राहायची.

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. ती टेबलापाशी बसून कोलार्डच्या पालेभाजीची पानं देठावरून ओढत होती. दोन्ही मनगटांना पट्टे.

"अर्लीन, दोनशे सतरा उघडलं मी."

"बरं केलंस. ग्रेडी गेला का? मला वाटलं जेवायला थांबेल."

"तो कालच गेला. आतल्या रेघा डावीकडे कललेल्या आहेत."

तिने एक पान उलटून पालटून बघितलं, किडकं निघालं, बाजूला टाकलं.

"अगं, मी काय म्हणतोय?"

"ऐकलं. हात गेलेत माझे, कान नाही गेले."

"ते इंजिन तू जोडलंयस."

"हो."

एवढंच. मी इतका हादरलेलो, आणि ती भाजी निवडतेय. माझं डोकं फिरलं. "हो म्हणजे काय, हो? चौदा वर्षं! चौदा वर्षं माझ्यासमोर बसून तू..."

"तुझ्यासमोर कुठं? मी रात्रपाळीला असायचे."

"मग माझं कुठलं होतं?"

आता तिने पान खाली ठेवलं. "हॉलिस, त्या दिवशी आपण दोघांनी मिळून दोन इंजिनं जोडली. त्यातलं एक तुझ्या गॅरेजात आहे. दुसरं कुठलं, हे मी सांगायचं?"

मी खुर्ची ओढली. बसलो.

त्या वसंतात माझा मोठा भाऊ अलाबामात वारला होता. मी कामावर जात होतो, पण डोकं जाग्यावर नव्हतं. माझी दोन इंजिनं परत आली होती, तिसरं आलं असतं तर बाकावरून खाली. शिवाय माझी एक खोड होती, तिला मी युक्ती म्हणायचो. रेघ आवळल्यानंतर मारायची हा नियम. मी आधी सगळ्या रेघा मारून घ्यायचो आणि मग एका दमात बोल्ट आवळत जायचो. पंधरा मिनिटं वाचायची. माझा हात चुकत नाही, असं माझं मत होतं. त्या दिवशी मधेच फोनसाठी हाक आली. वहिनी थडग्यावरच्या दगडाबद्दल विचारत होती. काय कोरायचं, कसं कोरायचं. मी परत आलो, बोल्टांकडे बघितलं, सगळ्यांवर रेघ होती. म्हटलं, झालंय. पुढचं काम घेतलं.

फोन मला आठवत होता. दगड आठवत होता. चौदा वर्षांत त्या दोन गोष्टी मी एकदाही शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"तू फोनवरून आलास आणि एकदम तळ बंद करायला घेतलास," अर्लीन म्हणाली. "मी विचारलं तुला, सगळे आवळले ना रे? आठवतंय काय म्हणालास?"

आठवत होतं. "मला शिकवू नकोस."

"हां. सगळ्यांच्या देखत. मग म्हटलं, नाही शिकवत बाबा." तिने पट्टा सैल करून पुन्हा लावला. "शेवटी आपले गाडे शेजारी होते. पावलिक दोन्ही चाचणीला नेणार म्हणून कागद आणायला गेला. मी कागद बदलले, पाट्या बदलल्या. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं, तुझं चांगलं निघालं तर काहीच बिघडत नाही. बिघडलं तर परत येईल. माझं एकही परत आलेलं नव्हतं, एक आलं असतं तर काय झालं असतं! फुटेल असं कुठं वाटलं होतं मला? एखादा ढिला असेल म्हटलं. तू तर आख्खी रांगच सोडली असशील."

"मग फुटल्यावर का नाही बोललीस?"

"बोलणार होते. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तू गोधडीचं बोललास आणि सगळे हसले."

मला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, रागही येत होता. माझं आयुष्यभराचं एक कर्तृत्व तिने दोन शब्दांत काढून घेतलं होतं. आयत्या बिळावर नागोबा, तसा मी चौदा वर्षं त्या पाटीवर बसून होतो, आणि बिळाची मालकीण मला रोज जेवायला वाढत होती.

"माझ्यासाठी केलंस ना हे?" मी विचारलं. मला वाटतं, मला थोडं बरं वाटून घ्यायचं होतं.

"पहिली पाच मिनिटं तुझ्यासाठी. तुला बाकावरून काढलं असतं तर तू घरी बसून बाटलीत बुडाला असतास, तुझ्या बापासारखा. ते मला सोसलं नसतं." ती उठली, भाजी धुवायला घेतली. "नंतरची वर्षं माझी मी काढली. रात्रपाळीत निदान कुणी मला इंजिन शिकवत नव्हतं."

मी म्हणालो, "शनिवारी सांगतो सगळ्यांना."

"सांग."

"तू पण चल."

"मी नाही येत. तू काय सांगतोस ते मी नसताना बघायचंय मला."

दुपारी ती स्वतःहून गॅरेजमध्ये आली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. स्टँडपाशी उभी राहून तिने आपल्याच रेघांकडे बघितलं, आणि मी बाजूला सरकलो. तिने मनगटाने, बोटांनी नव्हे, क्रँक हळूच ढकलला. तो लोण्यातून फिरावा तसा फिरला आणि थांबला.

"हे उघडलंस कशाला?" ती म्हणाली. "आत काहीच झालेलं नाही."

"टकटक येते म्हणतो ग्रेडी."

"गाडी थंड असताना जास्त येते का गरम असताना?"

"थंड असताना. जोरात दाबली की ऐकू येत नाही म्हणाला."

"मग पट्ट्याचं चाक बघ ना! सुपरचार्जरच्या पट्ट्याला ताणून धरणारं. त्याचं बेअरिंग वाजतंय. एवढ्यासाठी माणसाचं पोट फाडलंस?"

मी ते चाक हातात धरून हलवलं. वाजलं. चाळीस वर्षं इंजिनात घालवलेला माणूस मी, आणि हे मला सुचलं नव्हतं, कारण मला माझं लेकरू उघडून बघायचं होतं.

आता उघडलंच होतं तर नवे बोल्ट घालणं भाग होतं. जुने एकदा सोडले की पुन्हा वापरत नाहीत. ती क्रेटवर बसली आणि पुढचे तीन दिवस मी तिचे हात झालो. माझ्या सासूनेसुद्धा मला कधी इतकं ऐकवलं नसेल. पहिल्या दिवशी तिने मला एकही बोल्ट लावू दिला नाही, नुसतं पुसायला लावलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक रॉड बसवला की क्रँक हाताने फिरवायला सांगायची.

"काय वाटलं?"

"काही नाही. फिरला."

"परत फिरव. डोळे मीट. हाताला विचार, मला काय विचारतोस!"

पाचव्यांदा की सहाव्यांदा फिरवताना मला एका जागी केसाएवढं जड लागलं. मी तसं म्हणालो. तिने नुसती मान हलवली. "ते बेअरिंग काढ, दुसरं लाव. चार तास लागतात ते याच्यात जातात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "गोधडी म्हणालास ते अगदीच चूक नव्हतं. पण गोधडीपण कधी शिवली नाहीस तू."

मी हसलो, पण ती हसली नव्हती. माझं हसू मधेच अडकलं.

सोळा बोल्ट मी एकेक करून आवळले. प्रत्येक आवळल्यावरच रेघ मारायची, आधी नाही. ती मोजत होती. रेघा माझ्याच हाताच्या, उजवीकडे कललेल्या पडल्या. मी म्हटलं, तुझ्यासारख्या मारू का? ती म्हणाली, "जो आवळतो त्याची रेघ. एवढा तरी नियम पाळ."

शुक्रवारी सकाळी ग्रेडी आला. इंजिन गाडीत बसवलं आणि तिघांनी मिळून गाडी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे गाडीची मागची चाकं लोखंडी रुळांवर ठेवून ताकद मोजतात. रुळांवर आकडा नेहमी कमी येतो, थोडी ताकद गिअरबॉक्समध्ये आणि चाकांत मुरते. ग्रेडीची गाडी तिथे पाचशे ऐंशीच्या आसपास द्यायची. पट्ट्यांनी गाडी चारी बाजूंनी बांधली. ग्रेडीने चौथा गिअर टाकला आणि पाय खाली दाबला.

ते ऐकायला हवं तुम्ही. आधी खालून येणारा जाड, घुमणारा आवाज, जो कानाला नाही, पोटाला कळतो. मग सुपरचार्जरची शिट्टी सुरू होते, चढते, आणखी चढते, पट्टे ताणतात, गाडीचं मागचं अंग खाली दबतं, आणि वाटतं की आता हे थांबणार नाही. भिंतीवर लटकवलेले पाने खणखणत होते. मी आकड्याकडे बघत नव्हतो. मी अर्लीनकडे बघत होतो. तिने एक हात भिंतीला टेकवला होता आणि डोळे मिटले होते.

पाचशे ब्याऐंशी.

"मिस्टर हॉलिस, तुम्ही जादूगार आहात!" ग्रेडी ओरडला आणि मला मिठी मारायला आला. मी तोंड उघडलं. उद्या सांगायचंच आहे, आज कशाला, असं मनात आलं. आणि मी मिठी मारून घेतली. अर्लीन आमच्या गाडीत जाऊन बसली होती.

शनिवारी वुडवर्डवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. फुटपाथवर दोन्हीकडे घडीच्या खुर्च्या, हातात सॉसेजचे पाव, जिंजर एलच्या बाटल्या. पावलिकने एका दुकानाच्या वाहनतळावर आमच्यासाठी जागा धरली होती. आम्हा दोघांना सोडून बाकावरच्या बारांतले नऊ जण आले होते, बाकीचे एकतर फ्लोरिडात नाहीतर जमिनीखाली. ग्रेडीची गाडी मधोमध, झाकण उघडं, माझ्या नावाची पाटी उन्हात चमकत होती. पन्नास-साठ माणसं भोवती.

पावलिकने माझ्या हातात माइक दिला. "बोल रे हॉलिस. आणि लवकर आटप, तुझं आत्मचरित्र आम्हाला पाठ आहे."

हशा पिकला.

मी म्हणालो, "हे इंजिन मी जोडलेलं नाही."

पुन्हा हसले. त्यांना वाटलं, मस्करी करतोय. मी पुन्हा म्हणालो. मग हळूहळू हसू थांबलं. मी सांगितलं की सोमवारी उघडलं तर आतल्या रेघा डावीकडे कललेल्या निघाल्या. बाकावरचे नऊच्या नऊ जण एकदम गप्प झाले, कारण त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. "हे अर्लीनचं काम आहे," मी म्हणालो. "गाडे शेजारी होते. पाट्यांची अदलाबदल झाली. चौदा वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाचे हात हातात घेतलेत."

ग्रेडीचं तोंड उघडंच राहिलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. एक बाई रडत होती. "असा माणूस पाहिजे," कुणीतरी म्हणालं. माझा एक जुना जोडीदार पुढे येऊन माझ्या पाठीवर थापा मारत म्हणाला, "जिगर लागते रे याला." इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पावलिक टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने मला काहीतरी विचारलं. तेवढ्यात लोक ओरडायला लागले, चालू कर, चालू कर! ग्रेडीने गाडी चालू केली आणि पाय दाबला. सगळं त्या आवाजात बुडालं.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. अर्लीन मागच्या पायऱ्यांवर बसून रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होती. मी तिच्या शेजारी बसलो.

"सांगितलं," मी म्हणालो.

तिने रेडिओ बंद केला. "काय सांगितलंस?"

"दोनशे सतरा तुझं आहे म्हणून. सगळ्यांसमोर, माइकवर. टाळ्या किती पडल्या माहितेय? ग्रेडी उद्या तुला भेटायला येतोय. म्हणाला, मिस अर्लीनच्या नावाची पाटी करून लावतो."

"बरं झालं." ती थोडा वेळ समोर बघत राहिली. "आणि दोनशे सोळा?"

मी तिच्याकडे बघितलं.

"फुटलं ते," ती म्हणाली. "ते कुणाचं, सांगितलंस?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी जीभ नेहमीची. मी वाहनतळावर उभा होतो, माइक हातात होता, पन्नास माणसं गप्प बसून ऐकत होती आणि मी म्हणालो होतो, पाट्यांची अदलाबदल झाली. जशी काही आपोआप झाली. देवाशपथ सांगतो, ते वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. ते आपसूक आलं होतं.

"पावलिकने विचारलं नाही?" अर्लीनने विचारलं. "तो विसरणारा माणूस नाही. दोन इंजिनं, दोन पाट्या. एवढा हिशेब त्याला येतो."

"विचारलं काहीतरी. गाडीचा आवाज होता. मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. राग नव्हता. तिने माझं वाक्य नुसतं पुन्हा म्हटलं, आणि मला कळलं की मला ऐकू आलं होतं. आवाजातसुद्धा, त्याच्या ओठांवरून. "मग फुटलं ते कुणाचं?" असंच त्याने विचारलं होतं. आणि मी ग्रेडीला हाताने खूण केली होती, दाब म्हणून.

ती उठायला लागली. मनगटावर भार देता येत नाही म्हणून कोपर पायरीला टेकून उठते. मी म्हटलं, थांब. खिशातून फोन काढला, पावलिकचा नंबर लावला. तो अजून वुडवर्डवरच होता, मागे इंजिनं गुरगुरत होती, माणसं हसत होती, आमच्यातल्या कुणाकुणाचे आवाज मी ओळखले.

"बोल रे, हिरो," पावलिक म्हणाला.

"स्टॅन, तो माइक अजून चालू आहे का?"

"आहे. का?"

"फोन त्याच्यापुढे धर. दोनशे सोळा माझं होतं. बोल्टांवर मी रेघा मारल्या होत्या आणि बोल्ट आवळलेच नव्हते. अर्लीनने मला विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं होतं."

पलीकडे कुणीतरी गाडी बंद करायला सांगितलं. आवाज थांबला. "पुन्हा बोल," पावलिक म्हणाला, "आता सगळ्यांना ऐकू जाईल."

अर्लीन अर्धवट उठलेली होती. ती पुन्हा पायरीवर बसली आणि मी पुढे काय म्हणतो ते ऐकू लागली.